लाल दिव्यापलीकडचा फॉल्ट

डिसेंबर २०२२ मध्ये महिंद्राच्या चाकण कारखान्याची बातमी झाली ती एखाद्या नव्या गाडीची नव्हती. एअरटेल आणि टेक महिंद्रा यांनी तिथे कारखान्यापुरते खासगी फाइव्ह-जी जाळे उभारले होते आणि अशा जाळ्यावर चालणारा देशातला पहिला वाहन कारखाना म्हणून त्याचा गाजावाजा झाला. गाड्यांच्या संगणकांत सॉफ्टवेअर भरण्याचे काम यामुळे झपाट्याने होईल, असे तेव्हा सांगण्यात आले. याच पट्ट्यात भोसरीच्या एखाद्या शेडमधली दूरसंचाराची गरज याहून साधी आहे, पण निकड कमी नाही. १ ऑगस्ट २०२३ पासून पाच कोटींवर उलाढाल असलेल्या उद्योगाला दुसऱ्या उद्योगाला माल विकताना ई-इन्व्हॉइस काढावे लागते आणि पोर्टलवरून क्रमांक मिळाल्याशिवाय ते बिल ग्राह्य धरले जात नाही. ठरावीक रकमेवरचा माल रस्त्यावर काढायचा तर ई-वे बिल वेगळेच. टेम्पो भरून गेटवर उभा आहे आणि ऑफिसातल्या मॉडेमवर लाल दिवा लुकलुकतो आहे, अशी वेळ आली की मायक्रॉनमध्ये मोजून घडवलेला माल जागचा हलत नाही. मोबाइलच्या हॉटस्पॉटवर एखाद-दुसरे बिल निघेलही, पण दिवसभराचा व्यवहार त्यावर रेटता येत नाही. तो लाल दिवा हिरवा करण्यासाठी जो मुलगा मोटारसायकलवरून येतो, त्याला आपण काय शिकवतो, हा या प्रकरणाचा विषय आहे. आज त्याला जोडणी शिकवली जाते. कामावर गेल्यावर मात्र त्याच्यापुढे येतो तो बिघाड. बिघाड शोधणे ही वेगळी विद्या आहे, ती जोडणीतून आपोआप येत नाही आणि ती शिकवण्याची रीत याच पट्ट्यातल्या कारखान्यांना पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे, असे माझे म्हणणे आहे.

आधी हे जाळे कसे आहे ते पाहू. एक्स्चेंज किंवा कंपनीच्या केंद्रापासून ग्राहकाच्या भिंतीपर्यंतच्या शेवटच्या टप्प्याला ॲक्सेस नेटवर्क म्हणतात. हल्ली तो बहुतेक ठिकाणी जीपॉन पद्धतीच्या फायबरचा असतो. केंद्रात ओएलटी नावाचे यंत्र असते, ग्राहकाकडे ओएनटी असते, ज्याला घरोघरी नुसते मॉडेम म्हणतात. मध्ये असतो केसाइतका बारीक काचेचा धागा आणि एका धाग्यातला प्रकाश बत्तीस किंवा चौसष्ट वाटांना वाटून देणारा स्प्लिटर. या मधल्या भागात वीज लागत नाही. म्हणून तो स्वस्त पडतो, टिकाऊ असतो आणि म्हणूनच तो मुका असतो. स्प्लिटर, जॉइंट क्लोजर, चेंबर, खांबावरून लोंबणारी ड्रॉप केबल यांपैकी कोणीही स्वतःची तब्येत केंद्राला कळवू शकत नाही. दोन टोकांची यंत्रे बोलतात आणि मधल्या काही किलोमीटरांत काय झाले ते माणसाने मोजून आणि अनुमान करून शोधायचे असते. लाल दिवा सांगतो ते इतकेच, की प्रकाश पुरेसा पोचत नाही.

हा ‘पुरेसा’ किती, हे समजणे म्हणजे अर्धी विद्या. ओएलटीतून साधारण अधिक ३ डीबीएम पॉवर निघते असे धरू. बत्तीस वाटांच्या स्प्लिटरमध्ये साडेसतरा डीबीच्या आसपास पॉवर जाते. पाच किलोमीटर फायबरमध्ये एक-दीड डीबी आणि कनेक्टर व स्प्लायसिंगचे जॉइंट मिळून आणखी दीड डीबी. म्हणजे ग्राहकाकडे उणे १७ ते १८ डीबीएम मिळायला हवी. सर्रास वापरल्या जाणाऱ्या श्रेणीचे ओएनटी उणे २७ पर्यंत काम करते. समजा नवे कनेक्शन दिले आणि मीटरवर उणे २५ दिसले. इंटरनेट सुरू होईल, स्पीड टेस्ट उत्तम येईल, ग्राहक सही करील आणि तिकीट बंद होईल. प्रत्यक्षात त्या मार्गावर सात डीबी कुठेतरी गळते आहे आणि हाती उरलेली शिल्लक फक्त दोन डीबीची आहे. उन्हाने, वाऱ्याने किंवा कपाटामागे ढकललेल्या वायरीने ती दोन डीबी संपली की लाल दिवा. तांब्याच्या जुन्या लाइनीवर पावसाळ्यात खरखर यायची. लाइन आजारी आहे हे ग्राहकाला आठवडाभर आधी ऐकू यायचे आणि १९८ ला तक्रार जायची. फायबर असा इशारा देत नाही. तो शेवटपर्यंत ठणठणीत दिसतो आणि मग एकदम बसतो. म्हणून जोडणीच्या दिवशी ‘चालू झाले’ एवढ्यावर समाधान मानायला शिकलेला तंत्रज्ञ स्वतःच पुढच्या फॉल्टची पेरणी करून जातो. हिशेबाने किती यायला हवे होते, मीटरवर किती आले आणि फरक कशाचा, हे तीन प्रश्न ज्याला विचारायची सवय लागली त्याचे काम पुन्हा उघडावे लागत नाही.

आता बिघाडाकडे येऊ. ओएनटी बंद पडले आहे. वीज गेली की फायबर तुटला? चांगल्या ओएनटीत वीज जाताक्षणी उरल्यासुरल्या विजेवर केंद्राला शेवटचा निरोप पाठवण्याची सोय असते. तो निरोप नोंदला गेला असेल तर बहुधा प्लग किंवा ॲडॉप्टर पाहायचा. निरोपाविना संपर्क तुटला असेल तर वाट तुटल्याचा संशय धरायचा. लॉस वाढला आहे, पण कशामुळे? ओटीडीआर या फायबर मोजणाऱ्या यंत्राने दोन तरंगलांबींवर मोजले आणि १५५० नॅनोमीटरवरचा लॉस १३१० पेक्षा ठळकपणे जास्त निघाला, तर कुठेतरी फायबर जास्त वाकला आहे. दोन्हीकडे सारखाच निघाला, तर संशय खराब जॉइंटवर किंवा मळलेल्या कनेक्टरवर. हिरव्या टोकाचा तिरपा घासलेला कनेक्टर निळ्या टोकाच्या सरळ कनेक्टरला जोडला, तर दोन्ही नवेकोरे असूनही लॉस येतो, कारण त्यांची तोंडे एकमेकांना नीट भिडतच नाहीत. सगळ्यांत फसवा प्रकार वेगळाच आहे. जीपॉनमध्ये बत्तीसही ओएनटी एकाच धाग्यावरून पाळीपाळीने वर बोलतात. त्यांतले एक बिघडून पाळी सोडून सतत प्रकाश फेकू लागले, तर बाकी एकतीस जणांचे कनेक्शन कोसळते किंवा सारखे ये-जा करते. अननुभवी तंत्रज्ञ तक्रार करणाऱ्या एकतीस घरांत हिंडतो किंवा ओएलटीचे कार्ड बदलायला लावतो. वाट माहीत असलेला तंत्रज्ञ स्प्लिटरपाशी जाऊन निम्म्या वाटा सोडवतो आणि दोष कोणत्या निम्म्यात आहे ते पाहतो. मग त्याचे निम्मे. बत्तीसांतून एक सापडायला अशा पाच पायऱ्या पुरतात. हे गणित चौथीतल्या मुलाला जमेल, पण अडचणीच्या क्षणी ते सुचावे यासाठी सराव लागतो.

या सरावाबद्दल एक जुना पण अजूनही उपयोगी अभ्यास आहे. डेन्मार्कमधल्या रिसो संशोधन केंद्रात येन्स रासमुसेन यांनी इलेक्ट्रॉनिक उपकरणे दुरुस्त करणाऱ्या तंत्रज्ञांना काम करताना मनात काय चालले आहे ते मोठ्याने बोलायला सांगितले आणि त्याचे निष्कर्ष १९७४ मध्ये प्रसिद्ध केले. अभियंत्यांची अपेक्षा अशी, की कुशल तंत्रज्ञ मोजकी निरीक्षणे घेऊन खोल तर्क लढवीत असेल. प्रत्यक्षात तो भराभर, सोपी आणि पुष्कळ मापे घेत सिग्नलच्या वाटेने चालत जाई. प्रत्येक ठिकाणी ‘बरोबर की चूक’ एवढेच ठरवी आणि शोधाचे क्षेत्र आवळत नेई. अभियंत्याला ही पद्धत वेंधळी वाटू शकते, पण वेळ आणि डोके दोन्ही वाचवणारी असल्याने ती शहाणपणाची आहे. यातून प्रशिक्षणासाठी निघणारा अर्थ मला फार मोलाचा वाटतो. तंत्रज्ञाला सेमीकंडक्टर लेसरचे भौतिकशास्त्र पाठ असायची गरज नाही. त्याला संपूर्ण वाटेचा नकाशा डोळ्यांपुढे हवा, वाटेतल्या प्रत्येक थांब्यावर ‘निरोगी’ माप काय असते ते ठाऊक हवे आणि कोणते माप आधी घेतले तर जास्तीत जास्त शक्यता गळून पडतील याचा अंदाज हवा. या तिन्ही गोष्टी फळ्यावर शिकवून येत नाहीत. मुद्दाम बिघडवलेल्या जाळ्यावर त्या येतात. एका खोलीत ओएलटी, दोन-तीन स्प्लिटर, काही किलोमीटर फायबरची रिळे आणि डझनभर ओएनटी मांडायची. शिक्षकाने रोज नवा दोष पेरायचा, कधी एकाच वेळी दोन. विद्यार्थ्याने शोधताना प्रत्येक पायरीला काय वाटले, काय मोजले आणि काय वगळले, ते वहीत लिहायचे. गुण त्या वहीला द्यायचे. नशिबाने पहिल्याच फटक्यात दोष सापडलेल्याला पूर्ण गुण देणे म्हणजे त्याला वाईट सवय लावणे.

आजचे शिक्षण यापासून बरेच दूर आहे. टेलिकॉम सेक्टर स्किल कौन्सिलच्या अभ्यासक्रमांत ऑप्टिकल फायबर तंत्रज्ञ, स्प्लायसर, ब्रॉडबँड तंत्रज्ञ अशा भूमिका आखलेल्या आहेत. आयटीआयमध्ये फायबर टू होम टेक्निशियन हा सहा महिन्यांचा ट्रेडही आला आहे. हे चांगलेच झाले. पण त्याच आयटीआयमध्ये फिटर दोन वर्षे शिकतो आणि त्यानंतर १९६१ च्या अप्रेंटिस कायद्याखाली कारखान्यात उमेदवारी करतो. मोरवाडीला महापालिकेची स्वतःची आयटीआय आहे, औंधला शासनाची आहे. त्यांतून निघालेली मुले टेल्को, बजाज आणि त्यांच्या पुरवठादारांच्या शॉपफ्लोअरवर घडली, हा या शहराच्या वाढीचा भाग आहे. फोक्सवॅगनने २०११ मध्ये चाकणला जर्मन वळणाचे मेकॅट्रॉनिक्सचे प्रशिक्षण सुरू केले, त्यातही वर्ग आणि यंत्र यांची सांगड आणि काही वर्षांचा काळ गृहीत आहे. मशीन बंद पडले की मेंटेनन्सचा माणूस आधी पॅनेलवरचा अलार्म वाचतो, मग सेन्सर, मग वायरिंग असा मागे मागे जातो आणि नंतर मूळ कारणाचा तक्ता भरतो, ही शिस्त इथल्या कारखान्यात नवी नाही. त्या कारखान्याच्या भिंतीबाहेरचा फायबर मात्र अनेकदा ठेकेदाराच्या उपठेकेदाराकडे असतो आणि तिथला मुलगा दुसऱ्याच्या मागे पाने-पक्कड घेऊन हिंडता हिंडता तयार होतो. भिंतीच्या आत एक संस्कृती आणि बाहेर दुसरी, हे मला या पट्ट्याचे सर्वांत अनाकलनीय वैशिष्ट्य वाटते.

पूर्वी बाहेरही अशी उमेदवारी होती. दूरसंचार खात्यातला आणि पुढे बीएसएनएलमधला लाइनमन प्रशिक्षण केंद्रातून आला, तरी खरा शिकायचा तो जुन्या लाइनमनच्या हाताखाली. कोणता पिलर पावसात भरतो, कोणत्या डीपीतली कोणती पेअर सुकी राहते, कोणत्या वळणावर केबल रस्त्याच्या डावीकडून उजवीकडे गेली आहे, हे त्याच्या डोक्यात असे. ३१ जानेवारी २०२० या एका दिवशी बीएसएनएलचे ७८,५६९ कर्मचारी, म्हणजे एकूण मनुष्यबळाच्या जवळपास निम्मे, स्वेच्छानिवृत्ती घेऊन बाहेर पडले. कंपनीच्या ताळेबंदासाठी तो निर्णय योग्य होता की नव्हता हा वाद इथे नको. जे ज्ञान कागदावर कधी उतरलेच नव्हते तेही त्या संध्याकाळी घरी गेले, हे मात्र निर्विवाद. ज्युलियन ऑर या अभ्यासकाने झेरॉक्स कंपनीच्या दुरुस्ती तंत्रज्ञांवर १९९६ मध्ये एक पुस्तक लिहिले आहे. कंपनीच्या जाडजूड मार्गदर्शिकांपेक्षा चहाच्या वेळी एकमेकांना सांगितलेल्या विचित्र बिघाडांच्या हकिकतींतून ते तंत्रज्ञ जास्त शिकत होते, असे त्याला आढळले. अशी हकिकत पुढे जायला ऐकणारा आणि सांगणारा एका ठिकाणी असावे लागतात. फेरीमागे पैसे मिळणाऱ्या आणि दर काही महिन्यांनी ठेकेदार बदलणाऱ्या मुलांना ती बैठक कुठून मिळणार? म्हणून सोडवलेल्या फॉल्टची नोंद, साध्या मराठीत, रूटच्या नकाशासह ठेवणे हा प्रशिक्षणाचाच भाग धरला पाहिजे.

यावर पहिला आक्षेप अपेक्षित आहे, की आता नेटवर्क ऑपरेशन सेंटरमधले सॉफ्टवेअरच फॉल्ट शोधते, माणसाने फक्त सांगितलेला भाग बदलायचा. सॉफ्टवेअर खूप काही सांगते हे मान्य. प्रत्येक ओएनटीची पॉवर, ती कधीपासून घसरली, एकाच वेळी किती ग्राहक गेले, हे केंद्रात बसून दिसते आणि तंत्रज्ञाने ते पाहिल्याशिवाय घर सोडूच नये. पण मधला भाग मुका आहे, हे वर आलेच आहे. बत्तीसांपैकी आठ ग्राहक एकदम गेले यावरून दोष दुसऱ्या पातळीच्या स्प्लिटरच्या वाटेवर असावा, एवढे अनुमान यंत्र करील. चेंबरमध्ये उंदराने केबल कुरतडली की शेजारच्या खोदकामात ती ओढली गेली, हे झाकण उघडणाऱ्यालाच कळते. उलट सॉफ्टवेअर जितके हुशार होत जाईल, तितके सोपे फॉल्ट तेच निकालात काढील आणि माणसाच्या वाट्याला उरतील ते अवघड. तेव्हा कमी शिकलेला माणूस चालेल हा निष्कर्ष उफराटा आहे. भाग बदलणे स्वस्त पडते, हा युक्तिवाद ओएनटीपुरता ठीक आहे. पण वाकलेला फायबर ओएनटी बदलल्याने सरळ होत नाही. नवे ओएनटी किंचित जास्त संवेदनशील निघाले तर चार दिवस चालते आणि पुन्हा तिकीट उघडते, एवढेच.

दुसरा आक्षेप जास्त खरा आहे. शिकवलेला माणूस दोन हजार रुपये जास्त मिळाले की दुसरीकडे जातो, मग ठेकेदाराने खर्च का करावा? एकट्या ठेकेदाराच्या दृष्टीने हे बरोबरच आहे आणि नुसत्या उपदेशाने ते बदलणार नाही. पण कायद्यात वाट आहे. तीस किंवा अधिक माणसे असलेल्या आस्थापनेला, कंत्राटी माणसेही धरून, मनुष्यबळाच्या अडीच ते पंधरा टक्के अप्रेंटिस घ्यावे लागतात आणि २०१६ च्या राष्ट्रीय अप्रेंटिसशिप प्रोत्साहन योजनेने विद्यावेतनाचा चौथा हिस्सा, महिना दीड हजार रुपयांपर्यंत, सरकार उचलू लागले. सगळ्याच कंपन्यांनी शिकवले तर पळवापळवीचा फायदा उरत नाही. दुसरी कळ कंत्राटात आहे. ट्रायच्या २००६ च्या ब्रॉडबँड नियमांनी नव्वद टक्क्यांहून जास्त फॉल्ट दुसऱ्या कामाच्या दिवसापर्यंत दुरुस्त व्हावेत असा दंडक घातला. त्यात वेग मोजला जात होता, टिकाऊपणा नाही. ठेकेदाराला फेरीमागे पैसे मिळत असतील, तर अर्धवट दुरुस्ती त्याला दोनदा पैसे मिळवून देते. तोच फॉल्ट महिनाभर परत आला नाही तर पूर्ण पैसे, अशी अट घातली की शिकवणे ठेकेदाराच्याच हिताचे होईल. तंत्रज्ञान बदलत राहते, आज शिकवलेले पाच वर्षांत शिळे होईल, अशीही एक शंका काढतात. यंत्रांची नावे शिळी होतील. जीपॉननंतर दहा गिगाबिटचे एक्सजीएस-पॉन आले, तरी काच तीच आहे, वाकणे तेच आहे, कनेक्टरवरची धूळही तीच. वाट निम्मी-निम्मी करत जाण्याची रीत तांब्याच्या काळातही हीच होती.

राहिली ग्राहकाची बाजू, म्हणजे कारखान्यांची. इथे प्रशिक्षण कारखान्यातल्या विद्युत विभागालाही हवे. ‘इंटरनेट गेले’ अशा तक्रारीचे मूळ पुष्कळदा भिंतीच्या आत असते. शंभर मीटरची मर्यादा ओलांडून शेडच्या दुसऱ्या टोकाला नेलेली कॅट-सिक्स केबल, अर्थिंग नसलेले रॅक, उन्हाळ्यात भट्टीसारखे तापणारे बंद कपाट आणि वर्षानुवर्षे न तपासलेली बॅटरी. दोन कंपन्यांच्या दोन लाइनी घेऊन निर्धास्त झालेल्या व्यवस्थापकाने दोन्ही केबल गेटबाहेर एकाच चरातून येत नाहीत ना, हे एकदा पाहावे. तळेगाव-चाकण रस्त्यावर किंवा नाशिक महामार्गाच्या कडेला एका जेसीबीचा दात दोन्ही एकदम तोडू शकतो. खोदण्याआधी खालच्या केबलींच्या मालकांना कळवण्यासाठी ‘कॉल बिफोर यू डिग’ हे ॲप २२ मार्च २०२३ ला सुरू झाले आहे. ते वापरणे खोदणाऱ्याच्या हातात आहे आणि या पट्ट्यात सतत खोदणारे आपणच आहोत.

चाकण-भोसरीच्या उद्योजक संघटनांनी इथे पुढाकार घ्यायला हरकत नाही. मोरवाडी किंवा औंधच्या आयटीआयला बिघाडांची एक प्रयोगशाळा उभारून देण्याचा खर्च मध्यम आकाराच्या एका सीएनसी मशीनपेक्षा कमी असेल. जुनी ओएलटी आणि ओएनटी दूरसंचार कंपन्यांच्या गोदामांत पडून असतात, ती मागून घ्यावीत. शिकवायला स्वेच्छानिवृत्ती घेतलेले लाइनमन आणि तंत्रज्ञ याच शहरात, निगडी-चिंचवडच्या सोसायट्यांत राहतात. त्यांना बोलवा, आणि उशीर करू नका.